पाण्यावरच्या गावातला रिकामा वाफा

पाण्यावरच्या गावाची हकीकत मी आजवर पुष्कळदा सांगितली आहे. वलगावात पारावर सांगितली, अमरावतीच्या बाजारात भाजीच्या पाट्या उतरवून झाल्यावर सांगितली, अकोल्याला व्याह्यांच्या पंगतीत सांगितली. घरं खांबांवर कशी उभी असतात, खाली नावा कशा बांधतात, माणसं पायानं वल्हं कसं मारतात, हे ऐकायला लोकांना आवडतं. सांगायला मलाही आवडत आलं. त्या हकीकतीतून एक गोष्ट मात्र मी दर वेळी गाळली. बायकोला सांगितली नाही, माय होती तोवर तिलाही नाही. ती अशी, की धाकट्या भावाच्या बायकोच्या ओटीत घालायला मायनं माझ्यापाशी आमच्या घरच्या वांग्याचं बी दिलं होतं, आणि ते मी दिलं नाही. विसरलो नाही, हरवलं नाही. दिलं नाही.

बी म्हणजे काय एवढं, असं वाचणाऱ्याला वाटेल, म्हणून सांगतो. आम्ही माळी. आमच्या मळ्यातलं वांगं बुटकं, काटेरी, जांभळ्यावर पांढऱ्या रेघांचं. बाजारात गिऱ्हाईक त्याला आमच्या घराच्या नावानं मागतं. त्याचं बी विकायचं नाही, शेजाऱ्याला द्यायचं नाही, अशी आमची रीत. ते राखेत घोळून वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात भरतात आणि तुंबा चुलीवर धुराला टांगतात. मुलगा वेगळा निघाला, की सासू त्याच्या बायकोला पाटावर बसवते आणि तिच्या ओटीत मूठभर बी घालते. भांडीकुंडी मिळोत न मिळोत, बी मिळालं की ती घरची सून. आमच्या एका काकीला आजीनं बी दिलं नव्हतं. काकी म्हातारी झाली, तिला नातवंडं झाली, तरी बायका तिला बोलताना "त्या पलीकडच्या" म्हणत.

धाकटा घरातून गेला तो मोटेच्या त्रासानं. बाबांना दम लागायचा, म्हणून मोट आम्ही दोघं भाऊ आळीपाळीनं हाकायचो. बैलांमागं धावेच्या उतारावरून खाली जायचं, मोट रिती झाली की मागं सरत वर यायचं, दिवसभर तेच. एके दिवशी त्यानं चाबूक विहिरीच्या काठावर ठेवला आणि अकोल्याला कापसाच्या जिनात कामाला गेला. तिथून एका ठेकेदाराच्या टोळीबरोबर ब्रह्मदेशात रेल्वेच्या मातीकामाला. मी तेव्हा मोट सांभाळून अमरावतीच्या शाळेत जाऊन-येऊन शिकत होतो. तो गेल्यावर शाळा सुटली आणि त्याच्या वाटणीची मोटही माझ्याकडे आली. त्याबद्दल मी कधी अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

पुढं रूळ पडले, टोळी परतली, हा परतला नाही. टोळीतल्या एकानं येऊन सांगितलं, की तो तिकडं एका मोठ्या तळ्यात, पाण्यावर बांधलेल्या गावात राहतो, भाजी पिकवतो आणि त्यानं तिथलीच बायको केली आहे. बाबा वर्षभरात गेले. मायनं पुष्कळ दिवस त्याचं नाव घेतलं नाही. मग एका वैशाखात, विहीर तळाला लागली होती आणि मोटेत अर्धा गाळ यायचा, तेव्हा तिनं मला बोलावलं. तिच्या हातात एक लहान तुंबा होता, तोंडाला शेणमातीनं लिंपलेला.

"मळ्यात तं काही काम नाही आता. जाऊन ये त्याच्याकडं. बाबा गेल्याचं तूच सांगजो, दुसऱ्याच्या तोंडून नको. अन् हे दे."

मी तुंबा हलवून पाहिला. आत बी खुळखुळलं.

"त्याच्या हाती नुसतं नको ठेवू, इसरभोळा हाय तो. त्याले म्हणा, तिले पाटावर बसव अन् तिच्या ओटीत टाक. पदर असते ना बाप्पा तिकडच्या बायांले?"

"मले काय मालूम?"

"नसंल तं जे नेसत असंल त्याच्यात टाक म्हणा. पण टाक म्हणा."

मी हो म्हणालो. माझी बायको तेव्हा चुलीपाशी भाकरी थापत होती. तिला कोणी कधी ओटीत बी घातलं नव्हतं. आम्ही वेगळे निघालोच नव्हतो, घालणार कशाला? बाळापूरकडच्या खाऱ्या पाण्याच्या मुलखातून आलेली ती, गोड पाण्याचा मळा मिळाला म्हणून खूश होती, आणि तेच बी ती वर्षानुवर्षं पेरत, लावत, निंदत होती. जो चाबूक टाकून गेला, त्याच्या बायकोला ओटी! माझ्या मनात हे बडनेऱ्याला गाडीत बसण्याआधीच आलं होतं, हेही आज लिहून टाकतो.

त्या काळी ब्रह्मदेश आपल्याच सरकारात होता, जायला आडकाठी नव्हती. नागपूर, कलकत्ता, मग आगबोट, रंगून, पुन्हा गाडी. गाडी डोंगर चढू लागली तशी हवा गार झाली. वलगावात त्या दिवसांत जमिनीला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि इथं वैशाखात मी पंचा अंगभर गुंडाळून बसलो होतो. येतो एवढंच पत्र मी आधी टाकलं होतं, त्यामुळं शेवटच्या ठेशनावर धाकटा उभा होता. अंगानं भरलेला, डोक्याला बांबूची टोपी, कमरेला लुंगी. माझ्या पाया पडला, वर पाहिलं आणि माझ्या चेहऱ्यावरूनच समजला.

"बाबा?"

"हाव."

तो तिथंच फलाटावर बसून रडला. मीही रडलो. तो तेवढा वेळ आम्ही दोघं भाऊ होतो.

मग नाव. लांबोडकी, अरुंद, जराशी हलली तरी जीव घाबरा करणारी. धाकटा टोकावर एका पायावर उभा राहिला, दुसरा पाय वल्ह्याला गुंडाळला आणि पायानंच वल्हं मारू लागला. हात मोकळे! मोटेमागं चालायला ज्याचे पाय दुखायचे तो हा! मी म्हणालो, "हे लोक हातानं काहून नाही मारत?" तो म्हणाला, "उभं राह्यल्यावर दूरवर दिसते, दादा. बसून पाण्यातलं गवतच दिसते नुसतं."

आणि मग ते गाव दिसलं. पाण्यातून वर आलेले सागवानी खांब, त्यांवर बांबूच्या चटयांची घरं, एकेका घराला पाण्यात उतरणारी शिडी. गल्ल्या होत्या, पण पाण्याच्या. एक म्हातारी नावेतून शेजारणीकडं काही मागायला चालली होती, जशी आमच्याकडं वाटी घेऊन जावी तशी. एका घराच्या पायरीवर कुत्रं बसलं होतं, ते उठलं, पाण्यात उतरलं आणि पोहत समोरच्या घरी गेलं. धाकटा हसला. "पाह्य, इथं कुत्र्यालेबी पोहता येते. तुलेच नाही येत."

त्याच्या घराच्या शिडीवर त्याची बायको उभी होती. आमच्याकडं धाकट्या भावाची बायको भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर, येत नाही. आलीच तर पदर नाकापर्यंत ओढते, आणि हाताला हात लागणं तर सोडाच, त्याची सावलीही टाळते. नाव शिडीला लागली तेव्हा ही बाई खाली वाकली आणि मला वर घ्यायला तिनं सरळ हात पुढं केला. मी विंचू दिसावा तसा मागं सरलो. नाव तिरपी झाली, आणि मी, माझी वळकटी आणि खांद्याची थैली, सगळं पाण्यात.

पाणी छातीपर्यंतच होतं, पण तळाच्या चिखलात पाय रुतले आणि मी ओरडलो. आजूबाजूच्या घरांतून बायकापोरं बाहेर आली. धाकटा वाहून चाललेली वळकटी धरायला नाव घेऊन पुढं गेला. त्याच्या बायकोनं मात्र शिडीच्या खालच्या पायरीवर बसून माझं मनगट धरलं आणि मला खेचून काढलं. मग तिला पाण्यावर काही तरंगताना दिसलं. थैलीतून निसटलेला तुंबा. तिनं तो उचलला, लुंगीच्या काठानं पुसला, कानाशी नेऊन हलवून पाहिला आणि हसून माझ्या हातात दिला.

म्हणजे तिचं बी तिच्या हातात आलं होतं. मला तेव्हा बोलता आलं नाही, ओल्या धोतरानं उभा होतो, गाव हसत होतं. मी तुंबा थैलीच्या तळाशी ढकलला. तो आतून कोरडा होता, मायचं लिंपण पक्कं होतं. मी तेव्हाच "हे तुझं" म्हणालो असतो तर भाषा न कळताही तिला ते कळलं असतं.

संध्याकाळी धाकट्यानं विचारलं, "मायनं काही देल्लं का, दादा? तिच्यासाठी?"

त्यानं ते सहज विचारलं नव्हतं. विचारताना तो जाळ्याची गाठ सोडवत होता, आणि गाठ सुटली तरी बोटं चालूच होती. तो काय मागतो आहे हे मला ठाऊक होतं.

"सामान भिजलं हाय," मी म्हणालो. "उद्या पाहू."

मला उद्याच द्यायचं होतं. खरंच द्यायचं होतं.

सकाळी जाग आली ती खालून येणाऱ्या पाण्याच्या आवाजानं. अर्धवट झोपेत वाटलं, मोट रिती झाली, पाटात पाणी पडलं. मी दचकून उठून बसलो, उशीर झाला म्हणून. पाहतो तर बांबूच्या फटींतून खालचं पाणी दिसत होतं आणि त्याचा उजेड छतावर हलत होता. धाकट्याची बायको दारात बसून हात खाली घालून तांदूळ धूत होती. उठायचं नाही, जायचं नाही, ओढायचं नाही, वाहायचं नाही. नुसता हात खाली घालायचा. माझ्या मायच्या डोक्यावर घागरीनं टक्कल पडलं होतं. मी त्या बाईच्या डोक्याकडं पाहत राहिलो. दाट केस, त्यात फूल.

मला हेवा वाटला. याला दुसरा शब्द शोधत बसत नाही.

मग धाकटा मला मळा दाखवायला घेऊन गेला. मळा पाण्यावर होता. गवत, मुळ्या, गाळ यांचे लांबच लांब पट्टे, पाण्यावर तरंगणारे, वाहून जाऊ नयेत म्हणून बांबू ठोकून धरलेले. त्यांवर भोपळे, शेंगा, टमाटे, झेंडू. दोन पट्ट्यांमधून नाव न्यायची आणि नावेत बसूनच तोडणी करायची. मी वाकून एका रोपाच्या बुडाशी बोट घातलं. ओल. सगळीकडं ओल.

"याले पाणी कधी देतं?"

"देतच नाही." तो लहान पोरासारखा हसला. "मुळी खाली हाय ना पाण्यात. ते पेते आपलं आपलं."

"अन् उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात बी पेते."

मी बोट धोतराला पुसलं. वलगावात त्या वेळी माझी बायको परसातल्या दोन रोपांना तांब्यातांब्यानं पाणी घालत असणार.

त्या दिवशी त्याच्या शेजाऱ्यानं एक पट्टा विकला होता, तो घेणारा घेऊन चालला होता. म्हणजे खरोखरच घेऊन चालला होता! पट्टा कापला, दोर बांधला आणि नावेनं ओढत नेला, वरच्या भोपळ्यांसकट. मी तोंड उघडं टाकून पाहत राहिलो. "वावर चाललं," मी म्हणालो. धाकटा म्हणाला, "मग? इथं धुऱ्यावरून भांडणं नाहीत, दादा. पण बांबू ढिला ठेवला तं आख्खं वावर चोरीले जाते!" मला हसू आलं. वर्षानुवर्षं आम्ही शेजाऱ्याशी वीतभर धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, तंडत होतो, आणि इथं जमीन बैलासारखी दोरानं नेत होते.

परतताना त्यानं नाव घरासमोरच्या एका पट्ट्यापाशी थांबवली. पट्टा नवा होता, वर ताजा गाळ, तळ्यातलं गवत पसरून मऊ केलेलं. त्यावर एकही रोप नव्हतं.

"हा रिकामा काहून?"

"मायच्या वांग्यासाठी." तो माझ्याकडं न पाहता म्हणाला. "तू येऊन राहिला कळलं तवाच केला. तिलेबी सांगतलं, मायनं बी देल्लं का तू घरची झाली. रोज विचारते मले, दादा कधी येते म्हणून. तुले पाहाले नाही, बी पाहाले!" पुन्हा हसला. "इथं आपलं वांगं काय लागंल, दादा! वर्षभर लागंल. पाण्याची फिकर नाही."

ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. पाण्याची फिकर नाही. बाबांचा दम, मायचं डोकं, माझी शाळा, माझ्या बायकोची मान वर न करता गेलेली वर्षं, हे सगळं त्या वांग्याच्या बुडाशी गेलं होतं. आणि तेच वांगं इथं येऊन लोळत पीत मोठं होणार, आमच्यापेक्षा टपोरं होणार. पट्टा नुसता रिकामा असताना मला तो भरलेला दिसला, आणि त्या वांग्यांचा मला असा राग आला की माणसाचाही कधी आला नव्हता.

तरीही मी जेवण होईपर्यंत थांबलो. जेवायला ती दोघं एकत्र बसली. मला वेगळं शिजवलं होतं, मासळी न लावलेल्या भांड्यात, ते धाकट्यानं सांगितलं. तिनं त्याच्या पानातलं काही उचललं, त्यानं तिच्या हातावर चापटी मारली, ती हसली. तोंडाला पदर न लावता, भासरा समोर बसलेला असताना, मोठ्यानं. मी माझ्या बायकोला दिवसाउजेडी असं हसताना कधी पाहिलंच नव्हतं. आमच्या घरात मी तिच्याशी दिवसा बोलतसुद्धा नसे, मायसमोर बरं दिसत नाही म्हणून. त्या क्षणी मला ती बाई वाईट वाटली नाही, धाकटाही नाही. मला फक्त असं वाटलं, की यांच्याकडं सगळं आहे. आता अजून काय द्यायचं?

हात धुताना धाकटा म्हणाला, "सामान वाळलं का, दादा?"

"वाळलं."

"मग? मायनं काही...?"

"नाही," मी म्हणालो. "काही देल्लं नाही."

त्यानं ओला हात लुंगीला पुसला.

"रागात हाय का माय अजून?"

"हाव."

एवढंच बोललो. खोटं बोलायला फार शब्द लागत नाहीत. त्याची बायको त्याच्या तोंडाकडं पाहत होती. तिनं काही विचारलं, त्यानं तिच्या भाषेत दोन शब्द सांगितले. काय सांगितलं मला माहीत नाही. "नाही" म्हणाला, की "पुढच्या खेपेला" म्हणाला? ती उठली आणि माझ्या पानात आणखी भात वाढून गेली.

त्यानंतर मी आठवडाभर तिथं होतो. तुंबा रोज थैलीत हाताला लागायचा. द्यायला अजून वेळ होता, पण आता दिलं तर आधीचं खोटं उघडं पडणार होतं. नावेतून जाता-येता तो रिकामा पट्टा लागायचा. धाकट्यानं त्यावर दुसरं काही लावलं नाही, मी तिथून निघेपर्यंत तरी नाही.

निघायच्या सकाळी त्याच्या बायकोनं स्वतः विणलेली एक झोळी माझ्या हातात ठेवली. तांबडी, काठाला पिवळं. "मायसाठी," धाकटा म्हणाला. "म्हणते, राग गेला का वापरा म्हणा." या खेपेला शिडी उतरताना तिनं हात पुढं केला नाही. शिकली होती. मी एकट्यानं उतरलो.

माय ओसरीवर वाट पाहत होती. पाणीसुद्धा न विचारता म्हणाली, "घेतलं का तिनं?"

"घेतलं."

"कशात घेतलं? पदर असते का?"

"लुंगीत घेतलं. काठ धरून."

माय हसली. झोळी तिनं छातीशी धरली आणि मग ती घेऊन साऱ्या आळीत फिरून आली. पुढं दर मृगाला रोपं टाकताना ती म्हणायची, "त्याचंबी लागलं असंल." कधी म्हणायची, "तिकडं पाणी लय हाय म्हणतं ना तू? मग तं आपल्याहून मोठं लागंल." मी हो म्हणायचो. ती समाधानानं गेली असं लोक म्हणतात. ते खरं आहे, आणि ते समाधान मी बनवलेलं आहे. तिला वाटत राहिलं की तिनं दिलं. त्याला वाटत राहिलं की तिनं नाकारलं. तो नंतर कधी आला नाही, आणि आला नाही म्हणून लोकांनी त्यालाच नावं ठेवली. माझ्यादेखत ठेवली. मी ऐकून घेतली.

तुंबा टाकायला मी दोनदा विहिरीपर्यंत गेलो होतो. घरचं बी विहिरीत टाकायला हात धजला नाही. मग ते मरू नये म्हणून मळ्याच्या कोपऱ्यातल्या एका वाफ्यात लावलं आणि नवं बी काढून पुन्हा तुंब्यात भरलं. तेव्हापासून ते तसंच चालू आहे. त्या वाफ्यातली वांगी मी बाजारात नेत नाही. बायकोनं एकदा विचारलं, "हे काहून नाही तोडत?" मी म्हणालो, "बियासाठी हायेत." तिनं माझ्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं आणि निंदायला वाकली.

यंदा आमचा मोठा मुलगा वेगळा निघतो आहे, अकोल्याजवळ त्यानं मळा केला आहे. परवा बायकोनं घरचा तुंबा उतरवला, पाट पुसून ठेवला आणि माझ्यापाशी येऊन उभी राहिली.

"सुनेच्या ओटीत टाकतानी काय म्हणाव लागते? मले तं कोणी टाकलं नाही, मले मालूमच नाही. तिकडं जाऊबाईले टाकलं तवा तुमी होते ना समोर?"

"होतो."

"मग? काय म्हणल्या त्या? हासल्या का?"

मी उठून मळ्यात गेलो. कोपऱ्यातल्या वाफ्यापाशी बराच वेळ उभा राहिलो, आणि घरी येऊन हे लिहायला बसलो. लिहून झालं की पहिल्यांदा तिलाच वाचून दाखवणार आहे.

आता ब्रह्मदेश वेगळा झाला, जाणं पूर्वीसारखं सोपं राहिलं नाही. पण तळं तिथंच आहे, आणि माझ्या माहितीप्रमाणे भाऊही. त्याच्या बायकोचं मूठभर बी माझ्याकडं आहे. ते मला तिच्या ओटीत पोचवायचं आहे, आणि मायनं ते त्याच वेळी पाठवलं होतं, हे भावाला माझ्या तोंडानं सांगायचं आहे.